शार्कचे तीन चित्रपट आणि आपली मुशी

शार्क हा प्राणी आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना दोन ठिकाणी भेटतो : पडद्यावर आणि ताटात. पडद्यावर तो 'शार्क' असतो, ताटात मुंबई-रायगडकडे 'मुशी' आणि मालवणकडे 'मोरी'. ही एकाच प्राणिकुळाची नावे आहेत असे वर्गात सांगितले, तर पुष्कळ मुलांचा चटकन विश्वास बसत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. पडद्यावरच्या शार्कची आणि टोपलीतल्या मुशीची गाठ कोणी घालूनच दिलेली नसते.

शाळाशाळांत आता चित्रपट दाखवण्याची सोय झाली आहे. सागरी जीवन किंवा अन्नसाखळी शिकवताना शिक्षक शार्कविषयीचे चित्रपट दाखवतात. सुटीत मुले ते आपण होऊनही पाहतात. म्हणून येथे आम्ही तीन गाजलेल्या चित्रपटांचे परीक्षण करणार आहोत. पहिला 'जॉज' (१९७५), दुसरा 'शार्कवॉटर' (२००६) आणि तिसरा भारतीय अनुबोधपट 'शोअर्स ऑफ सायलेन्स' (२०००). पहिला भीतीचा, दुसरा प्रेमाचा आणि तिसरा करुणेचा. चित्रपट म्हणून ते कसे आहेत हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांना तीनच प्रश्न विचारू. चित्रपट जे सांगतो ते कितपत खरे आहे? ते खरे आहे हे प्रेक्षकाला कशावरून कळावे? आणि त्यात माणसे कोण आहेत, म्हणजेच आमच्या वर्गातल्या मुलाने स्वतःला त्यात कोठे पाहायचे?

तिसरा प्रश्न हवेत राहू नये म्हणून आम्ही एक वर्ग नजरेसमोर ठेवला आहे. पनवेल तालुक्यातले रोडपाली हे गाव घ्या. एका अंगाला कळंबोली-तळोज्याची वाढती वस्ती, दुसऱ्या अंगाला कासाडी नदी आणि खाडी. अशा गावाच्या वर्गात मूळच्या आगरी-कोळी घरांतली मुले आणि नोकरीधंद्यानिमित्त घाटावरून किंवा परप्रांतांतून आलेल्यांची मुले एकाच बाकावर बसतात. एकाच्या घरी मुशीचे कालवण नेहमीचे, दुसऱ्याने समुद्र सहलीतच काय तो पाहिलेला. या दोघांना एकच चित्रपट दाखवायचा आहे, हे शिक्षकाने विसरून चालत नाही.

जॉज : भीतीचे गणित

पीटर बेंचली यांची कादंबरी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी तिच्यावर चित्रपट काढला. समुद्रकाठच्या एका गावात ऐन हंगामात एक प्रचंड पांढरा शार्क माणसे मारू लागतो, आणि तिघे जण त्याला मारायला निघतात, एवढीच गोष्ट. चित्रपट म्हणून तो अतिशय कसबी आहे. चित्रीकरणासाठी बनवलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडे. त्यामुळे पहिल्या बऱ्याच भागात शार्क दाखवताच आला नाही. त्याऐवजी पाण्याचा पृष्ठभाग आणि जॉन विल्यम्स यांचे दोन स्वरांचे संगीत वापरावे लागले. दिसत नसलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते. अडचणीतून आलेली ही युक्ती चित्रपटाचे बळ ठरली.

शास्त्राच्या शिक्षकाला यात एक सुंदर पाठ सापडतो. चित्रपटातील एखादा प्रसंग आधी आवाजासह आणि मग आवाज बंद करून दाखवावा. आवाज बंद झाला की पडद्यावर उरते ते फक्त पाणी. मग मुलांना विचारावे : शार्क आहे याचा पुरावा कोणता? संगीत हा पुरावा नव्हे. निरीक्षण आणि निष्कर्ष यांतला फरक यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच शिकवता येईल.

दुसरा पाठ प्रमाणाचा आहे. चित्रपटातला शार्क २५ फुटी, म्हणजे साडेसात मीटरहून मोठा सांगितला आहे. खात्रीने मोजलेले सर्वांत मोठे पांढरे शार्क सहा मीटरच्या आसपास भरतात. काही दृश्यांसाठी खरे शार्क हवे होते. ती दृश्ये रॉन आणि व्हॅलरी टेलर या पाणबुड्या दांपत्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात टिपली. तेथले शार्क २५ फुटी थोडेच असणार! म्हणून लहान मापाचा पिंजरा बनवून त्यात ठेंगण्या अंगाचा माणूस उतरवला, म्हणजे शेजारचा शार्क आपोआप मोठा दिसला. मुलांना गणित घालावे : १४ फुटी शार्क २५ फुटी भासवायचा असेल, तर साडेपाच फुटी माणसाच्या जागी किती उंचीचा माणूस लागेल? उत्तर जेमतेम तीन फूट येते. मोजपट्टी बदलली की मोजमाप बदलते. शेजारी ठेवलेल्या वस्तूवरून आकार ठरवताना ती वस्तू किती मोठी आहे हे आधी माहीत असावे लागते.

खरेपणाच्या कसोटीवर मात्र हा चित्रपट टिकत नाही. एकच शार्क सूड घ्यावा तसा माणसांच्या मागे लागतो, याला प्राणिशास्त्रात आधार नाही. साऱ्या जगात वर्षाकाठी माणसांनी न डिवचता शार्कने चावा घेतल्याच्या घटना साधारण साठ-सत्तर नोंदल्या जातात, आणि त्यांत मृत्यू बहुधा दहाच्या आतच असतात. धोका नाही असे मात्र शिकवू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात एका तरुणाच्या पायाला शार्कने चावा घेतला आणि तो गंभीर जखमी झाला. बुल शार्क ही जात खाड्यांतून नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत जाते, हे किनाऱ्यालगतच्या मुलांना माहीत असलेले बरे. धोका असणे वेगळे आणि प्राणी दुष्ट असणे वेगळे. 'जॉज' या दोन गोष्टी एक करतो, हा त्याच्यावरचा आमचा मुख्य आक्षेप आहे. खुद्द बेंचली यांनाही पुढे हे जाणवले. २००६ मध्ये मृत्यू होईपर्यंतची बरीच वर्षे ते शार्कच्या संरक्षणासाठी बोलत आणि लिहीत राहिले.

शार्कवॉटर : प्रेमाची दृष्टी

कॅनडाचे तरुण छायाचित्रकार रॉब स्ट्युअर्ट यांनी 'शार्कवॉटर' हा जणू 'जॉज'ला उत्तर म्हणून काढला. यात नळकांडे पाठीला बांधून ते स्वतः शार्कच्या थव्यात उतरतात. कोस्टारिकाच्या किनाऱ्यापासून सुमारे ५५० किलोमीटरवर कोकोस हे बेट आहे. ते राष्ट्रीय उद्यान असून १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेथे हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कचे थवेच्या थवे डोक्यावरून सरकत जातात आणि खाली पाणबुडा शांतपणे श्वास सोडत असतो. ही दृश्ये अप्रतिम आहेत. 'जॉज' पाहून जे मूल घाबरले त्याला ती जरूर दाखवावीत.

या दृश्यांतही थोडे प्रकाशशास्त्र लपले आहे. पाणबुड्याचा डोळा मुखवट्यातल्या हवेतून पाण्यात पाहतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. त्यामुळे समोरची वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर आणि एक-तृतीयांशाने मोठी भासते. दीड मीटरचा शार्क पाहून वर आलेला नवखा माणूस 'दोन मीटरचा होता' असे सांगेल, आणि तो खोटे बोलत नसेल. पाण्याखाली जसजसे खोल जावे तसतसा तांबडा रंग आधी नाहीसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. चित्रपटातले झगझगीत रंग पुष्कळदा सोबत नेलेल्या दिव्यांचे असतात. प्रेमाची दृष्टी असली तरी तीही भिंगातूनच येते, एवढे मुलांना कळावे.

चित्रपटाचा दुसरा भाग शार्कच्या परांच्या व्यापाराविषयी आहे. पर कापून उरलेला, बहुधा जिवंत, मासा पाण्यात टाकून देणारी बोट एकदा पाहिली की विसरता येत नाही. शार्कची कत्तल हा बनाव नाही. मत्स्यशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारले जात होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली. साठ-सत्तर चाव्यांच्या शेजारी हा आकडा ठेवला की कोणी कोणाला भ्यावे हे स्पष्ट होते. येथवर आम्ही चित्रपटाच्या बाजूचे आहोत.

आमचे मतभेद पुढच्या तीन मुद्द्यांवर आहेत.

पहिला मुद्दा अन्नसाखळीचा. अशा चित्रपटांतून आणि भित्तिपत्रकांतून एक साखळी हमखास येते : शार्क गेले की त्यांचे भक्ष्य माजते, ते त्याच्या खालच्यांना फस्त करते आणि सारा समुद्र कोसळतो. ही साखळी फळ्यावर काढायला फार सोपी आहे आणि म्हणूनच सावध राहायला हवे. २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठे शार्क कमी झाले, त्यामुळे एका जातीची पाकटे वाढली आणि त्यांनी शिंपल्यांचा धंदा बुडवला, असे त्यात म्हटले होते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत गेली. काही ठिकाणी 'पाकट खा, उपसागर वाचवा' अशी मोहीमही निघाली. पण २०१६ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. या पाकटाच्या मादीला बहुधा वर्षाला एकच पिल्लू होते. मग त्यांची संख्या सांगितली तेवढ्या वेगाने वाढेलच कशी, असा त्यांचा साधा प्रश्न होता. शिंपले पाकटे वाढण्याआधीच घटू लागले होते, असेही दिसले. म्हणजे शार्क वाचवण्यासाठी सांगितलेल्या गोष्टीमुळे शार्कच्याच भावंडांवर गदा आली. शार्कला परिसंस्थेत स्थान नाही असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक समुद्रातली साखळी त्या समुद्रातच तपासावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा मुद्दा पैशाचा. 'मेलेल्या शार्कपेक्षा जिवंत शार्क जास्त मोलाचा' असे आता जगभर सांगितले जाते. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाने २००९ मध्ये आपला सारा समुद्र शार्कसाठी राखून ठेवला. तेथल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला : पाणबुड्या पर्यटकांच्या आवडत्या जागांवर सुमारे १०० शार्क आहेत, त्यांतला एकेक वर्षाला १ लाख ७९ हजार डॉलर आणि जन्मभरात १९ लाख डॉलर मिळवून देतो, मारून विकला तर फार तर १०८ डॉलर येतील. फिजीमध्येही २००४ पासून एका प्रवाळखडकाला असेच संरक्षण आहे. तेथे गावकऱ्यांनी मासेमारीचा हक्क सोडला आणि त्याबदली दर पाणबुड्यामागे गावाला पैसे मिळतात. ही व्यवस्था आम्हांला फार चांगली वाटते, कारण त्यात ज्याने सोडले त्याला मिळते. पण आकडा नीट वाचावा. तो पर्यटकांना दिसणाऱ्या शंभर शार्कवर वाटलेला आहे. दूर समुद्रात न दिसणाऱ्या एक हजाराव्या शार्कमुळे एकही तिकीट जास्त विकले जात नाही. सरासरी आणि वाढीव लाभ यांतला हा फरक अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी जरूर चर्चेला घ्यावा. शिवाय ज्या प्राण्याकडे पाहायला कोणी पैसे देत नाही त्याने काय करायचे? फिजीत शार्क जवळ यावेत म्हणून त्यांना माशांची डोकी खाऊ घालतात. पर्यटकाला दिसतो तो पुष्कळदा आमिषाला आलेला शार्क.

तिसरा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'शार्कवॉटर'मध्ये पाणबुडा नायक आहे आणि मासे पकडणारा खलनायक. मासे पकडणाऱ्याला नाव नाही, घर नाही, कर्ज नाही. हा चित्रपट रोडपालीच्या वर्गात लावला, तर घाटावरून आलेले मूल नायकाच्या बाजूला बसेल आणि ज्याच्या घरी जाळे आहे ते मूल मान खाली घालेल. एका तासात आपण वर्गाचे दोन भाग केलेले असतील. विज्ञानाच्या तासाने हे करू नये.

स्ट्युअर्ट यांचा जानेवारी २०१७ मध्ये फ्लोरिडाच्या समुद्रात पुढच्या चित्रपटाचे काम करताना मृत्यू झाला, तो शार्कमुळे नव्हे. पुन्हापुन्हा खोल डुबकी मारून ते वर आले आणि बुडाले. त्यांच्या हयातभराच्या निष्ठेबद्दल आम्हांला आदरच आहे. पाण्याखाली खरा धोका दाबाचा आणि श्वासातल्या वायूंचा असतो, हे या दुःखद घटनेवरूनही ध्यानात यावे.

शोअर्स ऑफ सायलेन्स : करुणेचा चित्रपट

माइक पांडे यांचा हा अनुबोधपट गुजरातच्या किनाऱ्यावरचा आहे. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. बारा मीटरचा व्हेल शार्क नवलाचा नाही, आणि अठरा मीटरपर्यंतच्याही नोंदी आहेत. खातो मात्र प्लवंग आणि बारीकसारीक मासे. सौराष्ट्राचे मच्छीमार त्याला 'बॅरल' म्हणत, कारण तो दमावा म्हणून गळाच्या दोराला रिकामी पिंपे बांधत. आधी त्याच्या यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला लावण्यापुरते काढीत. पुढे परदेशातून मांसाला मागणी आली आणि शिकार वाढली. चित्रपटात या अजस्र माशाला किनाऱ्याला ओढून आणून कापताना दाखवले आहे. समुद्र आणि वाळू लाल झालेली दिसते. निवेदन मोजके आहे.

'शार्कवॉटर'पेक्षा हा चित्रपट लहान आणि साधा आहे, पण एका बाबतीत फार पुढे आहे. यातली माणसे माणसे आहेत. ती बोलतात, भाव सांगतात, आपला धंदा सांगतात. त्यांना क्रूर ठरवण्याची घाई चित्रपटाला नाही. त्याचा परिणामही झाला. २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला, आणि भारतात असे संरक्षण मिळालेला हा पहिला मासा ठरला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले. एका छोट्या चित्रपटाने एवढे केल्याचे उदाहरण आपल्याकडे दुसरे चटकन आठवत नाही.

तरी चित्रपट जेथे संपतो तेथे खरा प्रश्न सुरू होतो. शिकार बंद झाली, पण मासा जाळ्यात अडकायचा तो अडकणारच. त्याला सोडायचे तर जाळे कापावे लागते. ते जाळे कोणाचे? २००४ मध्ये गुजरातेत स्वयंसेवी संस्था, एक उद्योग आणि वनखाते यांनी मोहीम काढली. कथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितले की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. ही उपमा प्रयोगशाळेतली नव्हती, पण ती किनाऱ्यावरच्या माणसांच्या घरातली होती, म्हणून लागू पडली. तिच्या जोडीला फाटलेल्या जाळ्याची भरपाई आली. त्यानंतर मच्छीमारांनी स्वतः जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित सागरी प्राणी सोडण्यासाठी जाळे कापले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू झाली. काल ज्याने शिकार केली तोच आज सुटका करतो, हा या कथेचा खरा शेवट आहे. शिक्षकांनी चित्रपट संपल्यावर तो तोंडी सांगावा. नाहीतर मुले केवळ रडून घरी जातील.

तिन्ही चित्रपटांत नसलेला शार्क

तिन्ही चित्रपटांतले शार्क मोठे आहेत. आपल्या बाजारातली मुशी कोणत्याच चित्रपटात नाही. खरे तर तीच सर्वांत जवळची आणि शिकण्यासारखी.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सर्रास मिळणारी एक मुशी फावड्यासारख्या चपट्या नाकाची असते. तिची लांबी बहुधा अर्धा-पाऊण मीटर. तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, म्हणजे ज्ञात शार्कांत सर्वांत लहान. एवढ्याशा अंड्यात पिल्लाला पुरेल इतके अन्न कोठले असणार? म्हणून आईच्या गर्भाशयात वार तयार होते, नाळेतून पिल्लाला अन्न मिळते आणि एका वेळी सहा ते अठरा पिल्ले जिवंत जन्माला येतात. मासा, तरीही नाळ! सस्तन प्राण्यांची खासियत म्हणून जी गोष्ट आपण फळ्यावर लिहितो, तीच निसर्गाने शार्कमध्ये स्वतंत्रपणे घडवली आहे.

ही मुशी एक-दोन वर्षांत वयात येते, म्हणून ती काही प्रमाणात मासेमारी सोसू शकते. मोठ्या शार्कांना वयात यायला दशक-दोन दशके, काहींना त्याहूनही जास्त काळ लागतो. अडचण अशी की बाजारात मोठ्या जातींची पिल्लेही 'मुशी' म्हणूनच येतात. एकाच टोपलीत एक पूर्ण वाढलेली लहान मुशी आणि एक मोठ्या शार्कचे तान्हे पिल्लू शेजारी पडलेले असते. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखीच. संरक्षणाचा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर येथे आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित शार्क-पाकटांची यादी वाढली. ती ओळखता यावी असे शिक्षण मात्र बंदरावर आणि शाळेत कमीच पोचले आहे.

मग आपल्याकडे संरक्षित खडकावर डुबकी मारून शार्क का पाहू नयेत, असे कोणी विचारील. मालवणला १९८७ पासून २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य आहे आणि त्या परिसरात हौशी पर्यटक डुबकी मारतात. पण किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात काही मीटरपलीकडे दिसणे कठीण. स्वच्छ पाणी आणि प्रवाळ आहेत ते आंग्रिया बँकेवर. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे हे समुद्रात बुडालेले पठार विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर आहे. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका तुकडीने तेथे पाहणी केली. त्याचा माथासुद्धा सुमारे २० मीटर पाण्याखाली आहे. तेथे दाब तिप्पट होतो, म्हणून पृष्ठभागावर तासभर पुरणारी हवा वीसच मिनिटे पुरते. राज्याच्या हद्दीचे पाणी १२ सागरी मैलांवर, म्हणजे २२ किलोमीटरवर संपते, त्यामुळे त्याचे संरक्षणही केंद्र सरकारच्याच हाती. हे पठार जपलेच पाहिजे. पण 'पाहिल्याशिवाय प्रेम बसत नाही' हा नियम मानला, तर ते जपण्याची आस्था मूठभर श्रीमंत पाणबुड्यांपुरतीच उरेल. रोडपालीच्या मुलाला तेथे जाता येणार नाही. त्याला आस्था वाटण्याचा मार्ग दुसरा असला पाहिजे.

वर्गात काय करावे?

आमची सूचना अशी. 'जॉज'मधला एखादा सौम्य प्रसंग आवाजासह आणि आवाजाविना दाखवावा. रक्तपाताची दृश्ये लहान वर्गांना दाखवू नयेत. 'शार्कवॉटर'मधली पाण्याखालची पंधरा-वीस मिनिटे दाखवून अपवर्तन आणि दाब शिकवावे. 'शोअर्स ऑफ सायलेन्स' नववीच्या पुढे, पूर्ण दाखवावा आणि नंतर जाळ्याच्या भरपाईचा प्रश्न मुलांसमोर ठेवावा : तुम्ही मच्छीमार असता तर जाळे कापले असते का? भरपाई सहा महिन्यांनी मिळणार असती तर?

त्यानंतर मुलांना घेऊन मासळीबाजारात जावे. कोळणीची परवानगी घ्यावी, आणि शक्य तर तिलाच पहिली गुरू करावी. तिला ठाऊक असलेली नावे पुस्तकात नसतात. मुशीच्या अंगावरून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर कानशीसारखे खरखरीत लागते. ते खवले दातांच्याच घडणीचे असतात. नाकाखाली टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे दिसतात. १६७८ मध्ये लोरेन्झिनी या इटालियन वैद्याने त्यांचे वर्णन केले; त्यांनी शार्कला दुसऱ्या प्राण्याच्या स्नायूंतली सूक्ष्म वीज जाणवते, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. हाडांऐवजी कूर्चा असल्याने मणका चाकूने सहज कापता येतो. नराच्या पोटाखालच्या परांना आलिंगक नावाचे दोन दांडे असतात. ते लांब आणि टणक असतील तर नर वयात आलेला. आखूड आणि मऊ असतील तर अजून पिल्लू. पुढच्या दोन परांच्या मध्ये पोटावर नाळेचा ताजा व्रण दिसला, तर ते नुकतेच जन्मलेले आहे. वहीत चार रकाने आखावेत : लांबी, नर की मादी, वयात आलेला की नाही, व्रण आहे की नाही. महिन्यातून एकदा याप्रमाणे वर्षभर नोंदी ठेवल्या, तर पिल्ले कोणत्या महिन्यांत जास्त येतात हे वर्गाला स्वतःच कळेल. अशा नोंदी एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागालाही उपयोगी पडतील.

आणि एक गोष्ट. दूरच्या समुद्रातला अपराधी चित्रपटात झटकन सापडतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळ्या पडलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे देशभर छापून आली. रंगाच्या कारखान्यातले द्रव्य त्यांच्या अंगाला लागले होते. कुत्रे निळे झाले म्हणून ते दिसले. त्याच कासाडीतून खाडीत जाणारे पाणी माशांना रंग लावत नाही. मासे नुसते कमी होतात. खाडी ही कित्येक माशांच्या पिल्लांची पाळणाघरे. त्यांत मुशीला लागणारे खाद्यही वाढते. कोकोस बेटाच्या शार्कसाठी हळहळणारा वर्ग आपल्या खाडीच्या पाण्याची आम्लता लिटमसने तपासायला गेला नाही, तर चित्रपट वाया गेला असे आम्ही म्हणू.

एकूण अभिप्राय असा : 'जॉज' कला म्हणून श्रेष्ठ, माहिती म्हणून निरुपयोगी, पण पुरावा म्हणजे काय हे शिकवायला उत्तम. 'शार्कवॉटर' डोळ्यांना सुखावणारा आणि कळकळीचा, पण माणसांच्या बाबतीत अर्धाच. 'शोअर्स ऑफ सायलेन्स' तिन्हींत अधिक न्यायी, आणि एकच चित्रपट दाखवता येणार असेल तर तोच दाखवावा. चौथा चित्रपट अजून कोणी काढलेला नाही. त्यात टोपलीतली मुशी असेल, ती विकणारी बाई असेल, जाळे कापावे की नाही या विचारात पडलेला तिचा नवरा असेल आणि वही घेऊन उभी असलेली मुले असतील. तो निघेपर्यंत ते काम शिक्षकांनाच खडू-फळ्यावर करावे लागेल. बाजार जवळ आहे, आणि मोजपट्टी प्रत्येक दप्तरात असते.